पहिला हात

मार्केट यार्डाच्या मागल्या गेटाबाहेर पिकअपवाल्यांचा अड्डा आहे. तिथली एक रीत होती. गाडी घ्यायची झाली की आधी घरात विचारायचं, मग बँकेत, आणि दोन्हीकडून होकार आला तरी आकाराम चौगुलेनं मान हलवल्याशिवाय बुकिंग करायचं नाही. आकाराम काही मेकॅनिक नव्हता, एजंटही नव्हता. पन्नाशीला आलेला, पोट जरा सुटलेला, गुळाची आणि काजूची भाडी मारणारा साधा पिकअपवाला. पण गाडीबद्दल तो खोटं बोलत नसे. भाड्याबद्दल बोले, वयाबद्दल बोले, आदल्या रात्री तांबड्या रश्श्याच्या किती वाट्या रिचवल्या याबद्दल तर हमखास बोले. गाडीबद्दलचा त्याचा शब्द मात्र काळ्या दगडावरची रेघ. त्या एका शब्दावर तो अड्ड्यावर मान ताठ ठेवून बसायचा.

दुसरी रीत याहून जुनी. नवी गाडी दारात आली, पूजा झाली, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, की मालकानं लगेच स्टिअरिंगवर झडप घालायची नाही. ज्यानं आपल्याला गाडी शिकवली त्यानं आधी बसायचं. त्यानं लिंबं चिरडून गाडी पुढं काढायची, एक चक्कर मारून आणायची आणि किल्ली मालकाच्या हातात द्यायची. याला अड्ड्यावर 'पहिला हात' म्हणत. निम्म्या अड्ड्याला आकारामनंच तपोवनच्या मैदानावर शिव्या घालून गाडी शिकवली होती, त्यामुळं वर्षाकाठी दोन-चार फेटे आणि पेढ्यांचे बॉक्स त्याच्या घरी ठरलेलेच असत.

सगळं बरं चाललं होतं. मग कंपनीला अवदसा आठवली आणि तिनं शिलेदार बदलला.

शिलेदार म्हणजे या लोकांचा पिकअप. दुसरा पिकअप त्यांना पिकअप वाटतच नसे. गोल दिवे, चौकोनी तोंड, आणि पत्रा असा की म्हशीनं शिंग मारलं तर टेंगूळ शिंगालाच यावं. या गाडीच्या नादापायी त्यांनी फोनवर 'शिलेदारवेडे कोल्हापूर' असा ग्रुप काढला होता. त्यात सकाळी देवाच्या फोटोआधी गाडीचा फोटो यायचा. त्याच ग्रुपवर एके दिवशी उन्मेषनं नव्या शिलेदारचा फोटो टाकला. हा उन्मेष राजारामपुरीत एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. त्याच्याकडं स्वतःची फक्त स्कूटर, पण पिकअपचं वेड इतकं की क्लास सुटला की अड्ड्यावर येऊन लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघत बसायचा.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर नुसता कालवा.

"बंपर प्लॅस्टिकचा?" गणपतराव ओरडले. गणपतराव म्हणजे गुळाच्या भाड्यातला जुना माणूस, आवाज असा की पलीकडच्या गेटावरचे हमाल वळून बघावेत. "आरं, बंपर हाय का साबणाची डबी?"

"गणपतराव, आत लोखंडी पट्टी आहे," उन्मेष म्हणाला. "धडक बसली की प्लॅस्टिक चेपतं आणि माणूस वाचतो."

"माणूस वाचवाय बायकू उपास करती की! बंपरनं गाडी वाचवायची."

"पर हौदा बगा की," मागून कुणीतरी म्हणालं. "चांगला वीतभर लांब केलाय. गुळाचं रवं जादा बसत्याल."

"एसी बी हाय म्हणं."

"एसीत बसून गूळ न्ह्यायचा व्हय? उद्या म्हणशीला, हमालास्नी बी कूलर लावा."

"आन् दिवं बगा, दिवं! झोपंतनं उठवल्यागत बारीक डोळं केल्यात. शिलेदार वाटतच न्हाई."

"मला तर नाद खुळा वाटतोय बगा. काय बी म्हणा."

असं अर्धा तास चाललं. निम्मे म्हणाले कंपनीनं गाडीचं वाटोळं केलं, निम्मे म्हणाले सोनं केलं, आणि दोन-तीन जण समोरचा माणूस जे म्हणेल त्याच्या उलट म्हणत होते. शेवटी सगळे आकारामकडं बघायला लागले. आकारामनं फोन हातात घेऊन फोटो दोन बोटांनी मोठा केला. सीट बघितली, गिअर बघितला, खिडकीची काच वर-खाली करायचं बटण बघितलं. त्याच्या स्वतःच्या शिलेदारची सीट फाटून आता त्यावर पोत्याची घडी होती आणि डाव्या बाजूची काच वर न्यायला आतून पक्कड लावावी लागे. फोटो बघता बघता त्याला ती गाडी अशी आवडली की छातीत हललंच. पण तो शब्दाचा माणूस. "न चालवता काय सांगायचं?" तो म्हणाला. "गाडी डोळ्यानं न्हाई, कंबरंनं बगायची असती. हातात आली की सांगतो."

तोवर तो सरळ माणूस होता. बिघाड त्याच संध्याकाळी झाला.

घरी जेवायला बसला आणि वर्षाराणीनं, त्याच्या बायकोनं, भाकरी वाढता वाढता हसून सांगितलं, "आवं, स्नेहलचा फोन आलता. त्यांनी नवा शिलेदार घेतला की. पांढराधोप. अख्ख्या तालुक्यात पयला म्हणं. तुमास्नी न सांगता बुकिंग केलं, येकदम दारात दावायची म्हणून."

स्नेहल तिची धाकटी बहीण. तिचा नवरा विश्वजित, म्हणजे आकारामचा साडू. आकारामचा घास तोंडातच फिरायला लागला.

भावाचा हेवा करायला वाटणी लागते, शेजाऱ्याचा करायला बांध लागतो. साडूचा हेवा करायला काहीसुद्धा लागत नाही. एकाच मांडवाचे दोन जावई, आयुष्यभर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत. सासरी यात्रेला गेलं की कोण कशातून आला, कुणाच्या बायकोच्या अंगावर कसलं लुगडं, कुणाचं पोरगं कितवीत, सगळं न बोलता मोजलं जातं. त्यात विश्वजित वयानं लहान. लग्न झालं तेव्हा शिरोलीच्या कारखान्यात हेलपाटे घालत होता. आकारामनंच त्याला तपोवनवर गाडी शिकवली, अड्ड्यावर आणून उभं केलं, पहिली भाडी मिळवून दिली. आणि आता त्या विश्वजितच्या दारात एसीची गाडी आणि आपल्या सीटवर पोतं!

"कर्ज काढलं आसंल," आकाराम म्हणाला.

"कर्जाबिगर कोण घेतंय? आपली बी कर्जावरच घेतली हुती की," वर्षाराणी म्हणाली. "गुरवारी पूजा हाय. दाजींचा हात पायजे म्हणाल्यात."

"गुरवारी मला चंदगडचं काजूचं भाडं हाय."

"मग दुसऱ्या कुणाला द्या की."

"शब्द दिलाय."

भाडंबिडं काही नव्हतं. गुरुवारी आकाराम रिकामी गाडी घेऊन निघाला, आजऱ्याच्या रस्त्याला उत्तूरच्या अलीकडं फणसाच्या झाडाखाली जाऊन थांबला, आणि दिवसभर बसून राहिला. आता नारळ फुटला असेल. आता पेढे वाटत असतील. आता विश्वजित फेटा बांधून फोटो काढत असेल. असं मनातल्या मनात सगळी पूजा त्यानं स्वतःच घातली. दुपारी डबा उघडला तर वर्षाराणीनं बहिणीच्या आनंदात शिरा करून दिला होता. तो शिरा त्यानं एका कुत्र्याला घातला. स्वतःच्या पैशाचं डिझेल जाळून साडूच्या आनंदापासून लांब जाऊन बसणारा माणूस त्या दिवशी जिल्ह्यात तेवढा एकच असावा.

त्यानंतर विश्वजितचे फोन यायला लागले. "दाजी, कवा येताय?" एवढंच विचारायचा. आकाराम म्हणायचा, "बगू, भाड्याची गर्दी हाय," आणि फोन ठेवून दात खायचा. बोलावतोय बघा कसा, पुन्हा पुन्हा. दारात उभी केलेली लक्ष्मी दाखवायला. पहिल्या हाताचं त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही, पण तो विषय त्यानं स्वतःपुरता मिटवला होता. शोरूमच्या माणसाला बसवलं असेल, भटजीला बसवलं असेल, नाहीतर गेला असेल स्वतःच लिंबावरून. नवीकोरी गाडी दारात आणून आजकाल कोण कुणासाठी थांबतं?

पण पंधरवडा उलटला तरी नवा शिलेदार अड्ड्यावर आला नाही. जुनी गाडी विकून टाकल्यामुळं विश्वजितही येईना. लोक विचारायला लागले. आधी आकारामनं थट्टेवर नेलं. "शोकेसमधी ठेवलीया गाडी. धुळीनं सर्दी हुईल तिला." लोक हसले. आकारामला बरं वाटलं. साडूवर लोक हसले की अंगावरून मोरपीस फिरवल्यासारखं वाटतं, हे त्याला नव्यानंच कळलं.

मग एके सकाळी गणपतराव गंभीर तोंड करून त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"आकाराम, सोमवारी बुकिंग करतोय. बंपरचं वंगाळ वाटतंय, पर पोरगं ऐकंना. तुमच्या साडूकडं गाडी हाय म्हंजे तुम्ही चालवलीच आसंल. पयला हात तुमचाच. तेवडं सांगा, घिऊ का न्हको?"

'मी चालवली नाही.' तीन शब्द होते. तेवढे बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ते बोलायचं म्हणजे साडूच्या गाडीला माझा हात लागला नाही हे सगळ्यांसमोर कबूल करायचं, आणि मग का लागला नाही हेही सांगायचं. आकारामनं चहाचा घोट घेतला. डोळ्यांपुढं पांढरी गाडी उभी राहिली. "चढाला दम टाकती," तो म्हणाला.

टपरीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"जोतिबाच्या चढाला न्हेलती. दुसऱ्या गिअरला अडकती, पुढं सरकंना. म्हणून तर इश्वजित भायेर काढंना. गॅरेजला लावलीया." एकदा तोंड उघडलं की खोटं कसं सुरळीत निघतं! चढ कोणता, गिअर कितवा, सगळं आपोआप जुळून आलं.

कुणी शंका घेतली नाही. त्या तोंडातून आजवर गाडीबद्दल खोटं निघालंच नव्हतं, मग शंका कशाची? गणपतरावांनी तिथल्या तिथं पोराला फोन करून बुकिंग नको म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत ग्रुपवर गहजब झाला. कुणी जुन्या शिलेदारचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. कुणी कंपनीला शिव्या दिल्या. ज्यांना दिवे आवडले नव्हते ते म्हणाले, आम्ही सांगत होतो. एकटा उन्मेष भांडत राहिला. या इंजिनाची ताकद जुन्यापेक्षा जास्त आहे, चढाला दम टाकेलच कशी, म्हणून त्यानं आकडे टाकले. त्याला कुणीतरी लिहिलं, 'मास्तर, आकडं फळ्यावर. घाटात आकाराम.'

खोटं बोललं की माणसाला झोप लागत नाही असं म्हणतात. आकारामला झकास लागली. दोन-चार दिवस तो शीळ घालत गाडी धूत होता. वर्षाराणीला वाटलं, नवऱ्याला एखादं मोठं भाडं मिळालंय.

पण मास्तर लोकांचं एक वाईट असतं, ते उदाहरण सोडवल्याशिवाय सोडत नाहीत. शनिवारी उन्मेष अड्ड्यावर आला तो ठरवूनच. "आपण जाऊन गाडी बघू या. गिअर कुठं अडकतो त्याचा व्हिडिओ करून कंपनीला पाठवू. दोष असेल तर कंपनीनं दुरुस्त करून द्यायला पाहिजे. बिचाऱ्या विश्वजितनं एवढे पैसे घातलेत."

"चला की," गणपतराव उठले. "माझं बी बुकिंग गेलंय. डोळ्यानं तरी बगतो. आकाराम, काडा गाडी."

"माझा क्लच जरा धरतोय," आकाराम म्हणाला.

"सकाळी तर भाडं मारून आलाय की."

"त्यो घरात नसंल."

"आहे," उन्मेष म्हणाला. "मी आत्ताच फोन केला होता. दाजींना घेऊनच या म्हणाले."

आकारामच्या हौद्यात सहा-सात जण चढले, उन्मेष पुढं शेजारी बसला आणि गाडी वडणग्याच्या रस्त्याला लागली. शिवाजी पूल आला तशी आकारामनं गाडी हळू केली. पंचगंगेच्या पलीकडं गेलं की दहा मिनिटांत साडूचं घर. तिथं विश्वजित म्हणणार, गाडीला काय झालंय? आणि मग आकाराम चौगुलेचा शब्द संपला. उद्यापासून अड्ड्यावर त्याला फक्त चहा पाजतील, विचारणार कुणी नाही. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरून मनातल्या मनात हात जोडले. जोतिबा देवा, आजवर काही मागितलं नाही. तेवढा दुसरा गिअर अडकव. नैवेद्याला पुरणपोळी आणतो.

विश्वजितच्या अंगणात गाडी ताडपत्रीखाली होती. गाडी थांबते न थांबते तोच स्नेहल दारातून बाहेर आली आणि आकारामला बघून तिनं कपाळाला हात लावला. "आलं बाई येकदाचं दाजी! आवं, ऐकलं का? दाजी आलं!" आणि तशीच आत पळाली.

विश्वजित बाहेर आला. गडी वाळला होता. त्यानं सगळ्यांना रामराम घातला, आकारामच्या पायाला हात लावला आणि ताडपत्री ओढली. फोटोत होती त्याहून गाडी देखणी होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं. हार पार वाळून काळा पडला होता.

"गॅरेजवरनं कवा आली?" गणपतरावांनी विचारलं.

"गॅरेजवरनं?" विश्वजित ताडपत्रीची घडी घालता घालता म्हणाला. "शोरूमचा मानूस दारात लावून गेला, तवापास्नं हितंच हाय की ती."

"मग जोतिबाच्या चढाला कवा न्हेलती?"

विश्वजित वाळका हार सरळ करायला लागला. तेवढ्यात स्नेहल निरांजनाचं ताट आणि फेटा घेऊन बाहेर आली. तिनं प्रश्न ऐकला होता. "जोतिबा? ही गाडी अंगणातनं हाललेली न्हाई! ती चाकं बगा खालनं."

उन्मेष सवयीनं आधीच वाकला होता. चारी चाकांना टेकून चार लिंबं होती. अख्खी, रसरशीत, पिवळीजर्द.

"दाजींचा हात लागल्याबिगर किल्ली हातात घ्यायची न्हाई म्हणून बसल्यात हे," स्नेहल म्हणाली. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं आता बाहेर यायला लागलं. "जुनी गाडी इकली, नवी दारात, आन् हे घरात! भाडी आलेली परत घालवली. मी म्हटलं दुसऱ्या कुणाला तरी बसवा, तर अंगावर आलं माझ्या. पयली गाडी सेकंडहँड घेतली तवा घाईनं तशीच काडली, दाजींना सांगितलं बी न्हाई, आन् म्हयन्यात आंबा घाटात पालती झाली. तवापास्नं भ्याल्यात. रोज फोन करत्यात. रोज सांजच्याला ती लिंबं बदलत्यात. वाळलेलं लिंबू चिरडत न्हाई म्हणं, चाकाखालनं उडतंय. लिंबाचं दर काय झाल्यात म्हाईत हाय का दाजी तुमास्नी?"

अड्ड्यावरचे सगळे आकारामकडं बघत होते. उन्मेष उभा राहिला, हात झटकले आणि वर्गात विचारावं तसं अगदी साधेपणानं विचारलं, "मग जोतिबाच्या चढाला दम कुणी टाकला?"

आकारामला वाटलं, आपण इथंच मातीत मिसळावं. विश्वजितनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं दुप्पट परत दिल्या असत्या. पण विश्वजित तर इतके दिवस त्याच्यासाठी लिंबं बदलत बसला होता, आणि आकाराम त्याच्यावर अड्डा हसवत होता.

"ते मागनं बगू," विश्वजित म्हणाला. "आदी हात."

त्यानं आकारामच्या डोक्यावर फेटा ठेवला, स्नेहलनं ओवाळलं. रागानं ओवाळलं, पण ओवाळलं. आकाराम मुकाट्यानं चढून बसला. सीट मऊ होती, कंबर आपोआप सरळ झाली. विश्वजित शेजारी बसला. काचा वर झाल्या आणि बाहेरचा आवाज बंद पडला.

"तू ग्रुपवर हाईस की," आकाराम हळूच म्हणाला.

"हाय."

"वाचलंस?"

"सगळं."

"मग लिवलं का न्हाईस कायबी? गाडी बरी हाय म्हणून तरी लिवायचं."

विश्वजितनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, हेच आकारामला सोसेना. "कसं लिवणार दाजी? चालवली कुटं हुती मी? न चालवता गाडीबद्दल बोलायचं न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

आकारामनं किल्ली फिरवली.

लिंबं फुटली. नव्या शिलेदारच्या इंजिनाचा आवाज आत आलाच नाही, नुसती थरथर पायाला कळली. एक चक्कर मारून परत यायचं असतं, पण गणपतराव, उन्मेष आणि बाकीचे हौद्यात चढून बसले होते आणि मागून छपरावर थापा मारत होते. आकारामनं गाडी केर्लीकडं वळवली आणि जोतिबाच्या रस्त्याला लावली. त्यानं ज्या चढाला या गाडीला दम टाकायला लावला होता, तोच चढ. पहिल्या वळणाला त्यानं मुद्दाम गाडी हळू केली आणि दुसरा गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. भरला हौदा घेऊन गाडी चढ चढत राहिली, आणि आकारामच्या पोटात असं दुखायला लागलं की डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस तो फोटोतल्या गाडीवर जळत होता. आता ती त्याच्या हाताखाली होती, त्याला हवी तशी, त्यानं आयुष्यभर मनात धरली होती तशी, आणि थोड्या वेळानं ती परत द्यायची होती.

वर सपाटीला गाडी थांबली. गणपतराव खाली उतरून खिडकीशी आले. आकारामनं काच खाली केली. पक्कड लागली नाही.

"आता सांगा," गणपतराव म्हणाले. "खरं सांगा. घिऊ का न्हको?"

"घ्या."

"आन् त्यो गिअर अडकत हुता त्यो?"

"माझा अडकत हुता," आकाराम म्हणाला. "गाडी चालवली नव्हती मी. साडूनं घेतली म्हणून पोटात दुखलं, म्हणून बोललो. ग्रुपवर लिवा पायजे तर."

कुणीतरी हसलं, पण लवकरच थांबलं. गणपतराव खिडकीपासून मागं सरले. "पुन्यांदा तुमचं ऐकावं का न्हाई, ते मी घरी जाऊन ठरवतो," ते म्हणाले आणि हौद्यात जाऊन बसले. उन्मेषनं व्हिडिओ काढायला वर धरलेला फोन खिशात घातला. परतीच्या उतारावर मागून एकही थाप आली नाही.

वडणग्यात अंगणात गाडी लावून आकारामनं किल्ली काढली. आता ती मालकाच्या हातात द्यायची. विश्वजितनं दोन्ही हात पुढं केले. आकारामनंही हात पुढं केला, पण मूठ उघडेना. सगळे बघत होते.

विश्वजितला कळलं. "ऱ्हाऊ द्या दाजी तुमच्याकडंच," तो म्हणाला. "चार दिस गुळाची भाडी मारून बगा. पयलं भाडं तुमच्याच हातचं हुंदे."

स्नेहल निरांजनाचं ताट उचलून तरातरा आत गेली.

"न्हको रं," आकाराम म्हणाला. "येका चकरंत ही दशा झाली. चार दिस वापरली तर जलमभर तुझं तोंड बगायचा न्हाई मी." त्यानं दुसऱ्या हातानं स्वतःची बोटं उघडली आणि किल्ली विश्वजितच्या ओंजळीत टाकली.

अड्ड्यावर परत जायला सगळे नव्या गाडीच्या हौद्यात चढले. आकारामच्या गाडीत कुणीच चढलं नाही, आणि त्यानं कुणाला बोलावलंही नाही. तो एकटाच पुढं निघाला. सीटवरचं पोतं टोचत होतं, गिअर बदलताना खडखड होत होती. त्याला हा आवाज रोजचा, पण आज पहिल्यांदाच कानात घुसला. शिवाजी पुलाच्या अलीकडं आरशात पांढरी गाडी दिसली. विश्वजित मागं होता. रस्ता मोकळा होता, त्याच्या गाडीत ताकद होती, पण तो पुढं काढत नव्हता. दाजींच्या मागं मागं, बैलगाडीच्या चालीनं येत होता.

आकारामनं थोडा वेळ तसंच जाऊ दिलं. मग त्यानं गाडी डावीकडं घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला पुढं जायची खूण केली. पांढरी गाडी शेजारून निघून गेली तेव्हा त्याच्या पोटात पुन्हा दुखलंच. पण ती पुलावर पार दिसेनाशी होईपर्यंत त्याचा हात तसाच बाहेर होता.